नोव्हेंबरचं फूल शेवंती, पण हे ठरवलं कोणी? आणि ते वाढदिवसाचं की शोकाचं?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. माझी एक जुनी मैत्रीण आहे, तिचा वाढदिवस नोव्हेंबरमधे असतो, तिला या वेळी काहीतरी हाताने केलेलं द्यायचं म्हणून मी भरतकामाची फ्रेम करायला घेतलीय. कल्पना अशी की प्रत्येक महिन्याचं जसं रत्न असतं तसं फूलही असतं म्हणतात, नोव्हेंबरचं शेवंती, तर मधोमध एक मोठ्ठी पांढरी शेवंती आणि खाली तिचं नाव. पांढरा रेशीम आणला, छाप उमटवला, सुरुवातही केली. आणि मग काल सहज बोलता बोलता दुसऱ्या एकीला सांगितलं तर ती म्हणाली अगं वेडी का, तिचा नवरा बेल्जियन ना, तिकडे शेवंती थडग्यावर ठेवतात! सासूबाईंसमोर फ्रेम उघडली तर काय होईल.

आता माझं डोकं भणभणतंय. एका ठिकाणी वाचलं की ही महिन्यांची फुलं रोमन काळापासून चालत आलीत, दुसरीकडे लिहिलंय शेवंती म्हणजे आनंद नि दीर्घायुष्य, तिसरीकडे पिवळी शेवंती म्हणजे झिडकारलेलं प्रेम. एकच फूल आणि तीन तऱ्हा. नक्की खरं काय, हे महिन्याला फूल चिकटवलं कोणी, आणि मी हे भरतकाम पुढे नेऊ की उसवू? जाणकारांनी कृपया सांगा, फार दिवस नाहीत हातात.

जुनी_वही:
रोमन वगैरे सोडून द्या हो. दागिन्यांच्या नि भेटवस्तूंच्या जाहिरातीत एकाने लिहिलं की बाकीचे उचलतात.

शेवंतीच्या बाबतीत तर ते साफ चुकीचं आहे आणि का ते सांगतो. नाव ग्रीक आहे हे खरं, क्रिसोस म्हणजे सोनं आणि अँथेमॉन म्हणजे फूल. पण जुने ग्रीक लोक ज्याला सोनफूल म्हणायचे ते त्यांच्याकडचं कुठलंतरी पिवळं रानफूल. आपण जिला शेवंती म्हणतो ती पूर्व आशियातली, तिला हे ग्रीक नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ मधे चिकटवलं. युरोपात ती सतराव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमधे एकदा येऊन गेली पण टिकली नाही. पक्की रुजली ती १७८९ नंतर, तेव्हा ब्लांकार नावाच्या मार्सेच्या व्यापाऱ्याने चीनहून तीन जाती आणल्या, त्यातली एकच जगली, जांभळी. मग १८४६ मधे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून बारीक फुलांची जात इंग्लंडला नेली, आजच्या गोंड्यासारख्या बटण शेवंत्यांची ती आजी. म्हणजे ज्या रोमन माणसाने शेवंती डोळ्याने पाहिलीच नाही त्याने ती नोव्हेंबरला वाहिली कशी?

फुलांना अर्थ चिकटवायची फॅशन ही एकोणिसाव्या शतकातली. त्याच्या आधी लेडी मेरी माँटेग्यू ही ब्रिटिश राजदूताची बायको १७१७-१८ मधे इस्तंबूलला होती, तिने पत्रात लिहिलं की इथे बायका फुलं, फळं, खडे, दोरे असं काहीबाही पाठवून निरोप देतात. (गंमत म्हणजे त्या तुर्की खेळात फुलाच्या गुणाचा फारसा संबंधच नव्हता, वस्तूच्या नावाशी यमक जुळणारी ओळ ओळखायची असायची.) पत्रं छापली गेली १७६३ मधे आणि युरोपला भुरळ पडली. १८१९ मधे पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक आलं आणि मग त्याच्या नकलांचा पूर. प्रत्येक पुस्तकात अर्थ थोडा वेगळा. लाल शेवंती म्हणजे प्रेम, पांढरी म्हणजे सत्य, पिवळी म्हणजे झिडकारलेलं प्रेम, हे सगळं त्या इंग्रजी पुस्तकांतलं.

रत्नांचं निदान एक बरं, अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मधे बसून यादी ठरवली, नोव्हेंबरला पुष्कराज (टोपाझ) दिला. फुलांना तेवढाही मालक नाही. म्हणून कुठे नोव्हेंबरला शेवंती दिसेल, कुठे पिओनी.

मातीचे_हात:
वरचा प्रतिसाद मस्त, पण एक गोष्ट राहिली. यादी कोणीही केलेली असो, शेवंतीच नोव्हेंबरला का गेली याचं उत्तर पुस्तकात नाही, झाडात आहे.

शेवंती रात्र मोजते. खरंच सांगतोय. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते, दिवस मोठे असले की नुसती पानं नि फुटवे काढत बसते. उन्हाळा सरला, रात्री वाढायला लागल्या की झाडाच्या शेंड्याला निरोप पोचतो की आता पानं पुरे. तिथून फुलायला जातीप्रमाणे साधारण सात ते बारा आठवडे. उत्तर गोलार्धात हिशेब करून बघा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच येतो. गुलाब संपला, बाकी बाग झोपली, आणि ही बया थंडीत उभी. महिन्याला फूल शोधणाऱ्या माणसाला नोव्हेंबरमधे दुसरं दिसणार तरी काय होतं?

मला हे पुस्तकातून नाही कळलं, फजिती होऊन कळलं. माझ्याकडे शेवंतीच्या दोन कुंड्या होत्या, एकाच झाडाचे फुटवे काढून लावलेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. एक दाराशी, एक मागच्या बाजूला. दाराशी दिवा रात्रभर चालू. मागचीला कळ्याच कळ्या, दाराशीची हिरवीगार, फोफावलेली, कळी औषधाला नाही. मी खत घातलं, शेंडे खुडले, पाणी कमी केलं, तिला रागवून पण झालं. शेवटी एका माळीबाबांनी कुंडीकडे न बघता वर दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, तिला झोपू द्या आधी. कुंडी अंधारात हलवली आणि तीनेक आठवड्यांत शेंड्यावर हिरवे मिऱ्याएवढे मणी. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

याचं शास्त्र १९२० मधे गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं, ते तंबाखूच्या एका जातीवर काम करत होते जी उन्हाळ्यात फुलायलाच तयार नव्हती. शेवंतीवाल्यांनी ते लगेच उचललं. आता हरितगृहात दुपारीच काळे पडदे ओढून खोटी रात्र करतात नाहीतर मध्यरात्री दिवे लावून रात्र मोडतात, म्हणून फुलवाल्याकडे ती बारा महिने दिसते. जपानमधे आयची प्रांतात तर रात्री शेतांवर दिव्यांच्या ओळी पेटलेल्या असतात, फूल लांबवायला.

आणि पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात हे सगळं उलटं. ऑस्ट्रेलियात शरद ऋतू मे महिन्यात येतो, मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी, म्हणून तिकडे शेवंती हे आईचं फूल! इंग्रजीत शेवंतीला लाडाने मम म्हणतात, ते शब्दातही बसलं. पांढरी शेवंती छातीला लावतात त्या दिवशी.

सुईदोरा:
बापरे किती माहिती! @मातीचे_हात तुमची दाराशीची शेवंती वाचून हसले खूप. म्हणजे ऑस्ट्रेलियन सासू असती तर पांढरी चालली असती 😄 पण माझी अडचण बेल्जियमची आहे. तिकडे थडग्यावरच का गेली ही?

अर्धवट_वाचक:
तेही मातीचे_हात म्हणतात त्याच कारणाने. १ नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा सगळ्या संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांचा. फ्रान्स, बेल्जियम, इटली, पोलंड, सगळीकडे त्या दोन दिवसांत माणसं दफनभूमीत जातात, थडगी धुतात, फुलं ठेवतात. आता नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला उघड्यावर, गारठ्यात, कुंडीसकट आठवडाभर टिकेल असं फूल कोणतं? एकच. आधी मेणबत्त्या असायच्या, एकोणिसाव्या शतकात शेवंती तिकडे पसरली तशी ती थडग्यांवर आली. त्यात पहिलं महायुद्ध संपलं ते ११ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे अकरा दिवसांत सगळे शोकाचे दिवस आणि बाजारात फूल तेवढं एकच. १९१९ पासून सैनिकांच्या थडग्यांवर शेवंत्यांचे ढीग लागायला लागले आणि तिच्यावर शिक्का बसला तो बसलाच.

फ्रेंचांमधे तर वाक्प्रचारच झालाय, ‘शेवंत्यांचं उद्घाटन करणे’ म्हणजे नुसतं शोभेचं पद भोगणे. राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल १९६५ च्या एका पत्रकार परिषदेत तिरकसपणे म्हणाले होते की मला कारभाराला बोलावलं ते काय शेवंत्यांची उद्घाटनं करायला? तेव्हापासून तो फ्रेंच राजकारणात रूढ झाला.

त्यामुळे सुईदोरा ताई, बेल्जियन सासूबाई काही रागावणार नाहीत, पण फ्रेम बघून क्षणभर गप्प होतील आणि तो क्षण तुमच्या मैत्रिणीला नको असेल. पांढरी तर जपान, कोरिया, चीनमधेही अंत्यविधीला असते, कोरियात दिवंगताच्या फोटोपुढे पांढऱ्या शेवंत्या ठेवायची रीतच आहे. तेव्हा पांढरी बाद. हा रंग शोकाचा झालाय, आपण कशाला मधे पडायचं.

दोन_डगरी:
थांबा थांबा, असं एका फटक्यात बाद करू नका. शेवंतीचं मूळ घर चीन, तिथे तिला विचारा ना.

चीनच्या कवितेत तिचा माणूस म्हणजे ताओ युआनमिंग, चौथ्या-पाचव्या शतकातला. इसवी सन ४०५ मधे पेंगझे गावचा अधिकारी झाला, ऐंशीएक दिवसांतच वरचा निरीक्षक येणार म्हणून नीट कपडे घालून वाकायला सांगितलं, तर म्हणाला पाच मापं तांदळासाठी मी कंबर वाकवणार नाही, आणि राजीनामा देऊन घरी. मग शेती, दारू, कविता आणि शेवंत्या. पूर्वेच्या कुंपणाशी शेवंती खुडताना सहज मान वर होते आणि दूरचा डोंगर दिसतो, अशी त्याची एक ओळ आहे, चीनमधे पोरासोरांना पाठ असते. तेव्हापासून शेवंती म्हणजे सगळी गर्दी गेल्यावर, थंडीत, कोणाला न विचारता फुलणारा माणूस. चिनी चित्रकलेतले चार सज्जन, प्लमचा बहर, ऑर्किड, बांबू आणि शेवंती, त्यातला शरदाचा मान हिचा.

दीर्घायुष्याचा संबंध वेगळा. चांद्र नवव्या महिन्याच्या नवमीला चोंगयांग सण, त्या दिवशी उंचावर चढायचं आणि शेवंतीची दारू प्यायची. चिनी भाषेत नऊ आणि ‘चिरकाळ’ या शब्दांचा उच्चार एकच, म्हणून नऊ-नऊ म्हणजे चिरकाळ-चिरकाळ. फूल त्या दिवशी हजर म्हणून तेही चिरायू झालं.

पण मला सगळ्यात आवडतो तो हुआंग चाओ. तांग राजवट मोडकळीला आलेली, हा मिठाची चोरटी वाहतूक करणारा, सरकारी परीक्षेत नापास, त्याने नापास झाल्यावर शेवंतीवर कविता केली. आशय असा, की नवव्या महिन्याची अष्टमी येऊ द्या, माझं फूल उमललं की बाकी सगळी फुलं कापली जातील आणि अख्खं शहर सोन्याचं चिलखत घालून उभं राहील. आणि ८८० च्या सुमारास खरंच फौज घेऊन राजधानी चांगआनमधे घुसला! म्हणजे तेच फूल एकाला सांगतं घरी जा, दुसऱ्याला सांगतं शहर घे. आता बोला, अर्थ फुलात असतो का बघणाऱ्यात.

जपानमधे ती चीनहूनच गेली. बाराव्या शतकाच्या अखेरीचा सम्राट गो-तोबा तिच्यावर इतका लुब्ध की तलवारींवर, वस्तूंवर शेवंतीची खूण. १८६९ मधे सोळा पाकळ्यांची शेवंती अधिकृतपणे सम्राटाची मोहर झाली, सिंहासनालाही शेवंतीचं सिंहासन म्हणतात, आणि जपानी पासपोर्टवर तीच असते. थडग्यावरचं फूल कोणी पासपोर्टवर छापेल का?

आणि शेवटी धाग्याचा मूळ प्रश्न, महिन्याला फूल. युरोपच्या यादीला मालक नाही हे मान्य, पण जपानमधे हानाफुदा नावाचे पत्ते आहेत, बारा महिने बारा झाडं-फुलं, प्रत्येकाचे चार पत्ते, एकूण अठ्ठेचाळीस. जानेवारी पाइन, मार्च चेरी, एप्रिल विस्टेरिया, आणि शेवंती सप्टेंबर! कारण ती नवव्या महिन्याची, आणि चांद्र नववा महिना आपल्या कॅलेंडरने ऑक्टोबरमधे, कधीकधी नोव्हेंबरातही येतो. नंतर जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं, पत्त्यांचे आकडे तसेच ठेवले, आणि शेवंती बिचारी फुलण्याआधीच्या महिन्यात जाऊन बसली. (अवांतर: निन्टेंडो १८८९ मधे सुरू झाली ती हेच पत्ते बनवायला.)

अर्धवट_वाचक:
@दोन_डगरी पासपोर्टचा मुद्दा चांगलाय पण तो पांढऱ्या शेवंतीचा बचाव नाही होत हां. मोहर सोनेरी असते. पांढरी बादच.

दोन_डगरी:
बरं पांढरी बाद. तुम्ही जिंकलात.

भिंगवाला:
पाकळ्यांची चर्चा चाललीय म्हणून नाक खुपसतो, भरतकामाला उपयोग होईल. शेवंतीला सोळा काय, आपण म्हणतो त्या अर्थाने एकही पाकळी नसते. एक फूल घ्या आणि बाहेरची एक ‘पाकळी’ हळूच मुळाशी धरून उपटा. तिच्या बुडाशी बारीक नळी दिसेल, त्या नळीतून दोन टोकांचा, सापाच्या जिभेसारखा दुभंगलेला पिवळसर धागा बाहेर आलेला दिसेल, आणि नळीखाली एक इवलासा फिकट दाणा. तो धागा म्हणजे कुक्षी, दाणा म्हणजे बीजकोश. म्हणजे उपटली ती पाकळी नव्हती, ते एक संपूर्ण मादी फूल होतं. मधली पिवळी चकती नखाने खरवडली तर शेकडो पाच दातांच्या पेल्यासारख्या नळ्या सुटतात, त्यातला प्रत्येक पेला म्हणजे आणखी एक फूल. आपण हातात एक शेवंती धरतो तेव्हा अख्खं गाव धरलेलं असतं. भरगच्च जातींमधे माळ्यांनी निवडून निवडून त्या मधल्या नळ्यांच्याही पट्ट्या करून टाकल्यात, म्हणून पिवळा डोळा दिसत नाही.

तेव्हा भरताना दोन सूचना. डोळा दिसणारी साधी एकेरी शेवंती काढणार असाल तर बाहेरच्या पट्ट्या टोकाला गोल आणि बुडाशी एकदम अरुंद करा, मधे फ्रेंच नॉट (दोऱ्याच्या बारीक गाठी). आणि सोळा पाकळ्या मोजून गोल काढू नका, ती थेट राजमोहर दिसेल.

जाता जाता, डासांच्या कॉईलची सुरुवात हिच्या एका चुलत बहिणीपासून झाली. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची पांढरी पायरेथ्रम, तिच्या वाळवलेल्या फुलांच्या पुडीने कीटक मरतात, ती जपानमधे नेऊन लावली आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची उदबत्ती आणि मग वेटोळं झालं. शोभेची शेवंती डास मारत नाही, पण मांजर असेल तर मैत्रिणीला खरं फूल देताना सांगा, मांजराने चावली तर उलट्या होतात.

जुनी_वही:
@भिंगवाला अख्खं गाव, क्या बात है. वाचनखूण साठवली.

मातीचे_हात:
रंगाचं माझं मत, गंजाचा लाल घ्या. जुनी तांब्याची कळशी असते ना, तसा, तपकिरीकडे झुकणारा. शेवंतीत तो रंग अस्सल आहे, पाकळीच्या पाठीला पिवळसर झाक असते, दोन दोरे एकत्र घेऊन भरला तर दिसेल तसा. इंग्रजी पुस्तकाप्रमाणे लाल म्हणजे प्रेम, म्हणजे तिथेही पास. आणि एक अर्धवट उमललेली कळी बाजूला जरूर काढा, नुसतं फूल एकटं कुंडीत ठेवल्यासारखं दिसतं, पुन्हा थडगं आठवेल.

सुईदोरा:
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @दोन_डगरी तुमचा कुंपणाशी शेवंती खुडणारा माणूस माझ्या डोक्यातून जाईना, ही माझी मैत्रीणही तशीच आहे, चांगली मोठ्या पगाराची नोकरी एका दिवसात सोडून आली होती आणि कोणाला कारण सांगितलं नाही अजून. म्हणून फुलाखाली कुंपणाच्या दोन काठ्या काढतेय, मागे लांब एक डोंगराची रेघ. तिला कळलं तर कळलं.

पांढऱ्या पाकळ्या आज दुपारी उसवल्या. अकरा झाल्या होत्या. कापडाला भोकं राहिलीत पण गंजाच्या लाल रंगाखाली झाकली जातील बहुतेक, दोन दोरे घेऊन पहिली भरली आत्ता, आणि @भिंगवाला तुमच्या सांगण्यावरून बुडाशी इतकी अरुंद केली की सुई दोनदा त्याच भोकातून गेली.

एक शेवटचं विचारते, कळीचा रंग उमललेल्या फुलासारखाच घ्यायचा का हिरवट ठेवायचा?

मातीचे_हात:
खाली हिरवी, वरच्या टोकाला लाल नुसता डोकावतोय इतपत. बाहेर आणायची घाई नको.